दिवंगतांचे स्मरण : धम्माची दृष्टी



वस्तीत कोणी कालकथित झाले की आपण शोकसभा घेतो. जलदान विधी, पुण्यानुमोदन होते. वर्तमानपत्रात फोटोसह श्रद्धांजली छापली जाते, चौकात फलक लागतो. विहारातील पंख्यावर, सतरंजीवर 'यांच्या स्मरणार्थ' असे लिहिलेले असते. या साऱ्यामागे प्रेमच असते. पण यातले धम्माला धरून काय, हे तपासणे आपले कर्तव्य आहे.

महापरिनिब्बान सुत्तात या प्रश्नाचे उत्तर सापडते. तथागतांनी आनंदाला सांगितले, की चार रस्ते मिळतात तेथे स्तूप उभारावा. कारण काय? तो पाहून लोकांची चित्ते प्रसन्न व्हावीत. म्हणजे स्मारक भर चौकात असावे, पण ते जिवंतांच्या हितासाठी! पुढे कुशीनारा येथे अस्थींच्या वाटणीवरून युद्धाची वेळ आली, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने आठ समान भाग करून तंटा मिटविला. तिरोकुड्ड सुत्तही सांगते, की रडण्याने वा विलापाने मृतांना काही मिळत नाही. उपयोगी पडते ते दान.

आपल्या महाराष्ट्रातच याचे पुरावे आहेत. भाजे येथे १४ लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरली आहेत. नाव एवढेच, स्तुती नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्यांतील 'नाक' हा शेवट असलेली नावे महार शिपायांची. इतिहासाने ज्यांना विसरायचे ठरविले होते, त्यांना दगडाने लक्षात ठेवले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या नावांतून समाजाला स्वाभिमान मिळाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस परतताना पुस्तक घेऊन जातो. अलीकडे अनेकजण फुलांऐवजी वही-पेन अर्पण करतात. हेच खरे अभिवादन होय.

उलट, कर्ज काढून पुण्यानुमोदनाचे मोठे जेवण घालणे, शेजाऱ्याच्या फलकापेक्षा आपला फलक मोठा लावणे, यात स्मरण कमी आणि प्रतिष्ठा जास्त. फलक पावसात फाटतो, कर्जाचे हप्ते मात्र घरातल्या मुलांच्या फीमधून जातात.

बँकेतील कर्मचारी या नात्याने एक सोपा मार्ग सुचवितो. दिवंगताच्या नावे १०,००० रुपयांची मुदत ठेव ठेवावी. सालिना ६ टक्के व्याज धरले तर वर्षाला ६०० रुपये मिळतात. मुद्दल कायम राहते आणि दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या वह्या येतात. मात्र ठेव व्यक्तीच्या नावे न ठेवता नोंदणीकृत संस्थेच्या नावे असावी. तिचा उपयोग कशासाठी, हे ठरावात स्पष्ट लिहावे आणि हिशेब वार्षिक सभेत वाचावा. एका घराला १०,००० झेपत नसतील, तर चार घरांनी मिळून ठेव करावी आणि चारही नावे द्यावीत. भाजे येथील स्तूप शेजारी शेजारीच उभे आहेत!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हाती येणाऱ्या वहीवर एखाद्या आजीचे नाव असेल. तिला कदाचित सहीसुद्धा करता येत नसेल. त्या वहीत नीट अभ्यास करा. तिचा स्तूप तोच.

जयभीम! नमो बुद्धाय!