काटा शून्यावर आहे का?

उर्से गावात भाताची पोती काट्यावर चढतात, तेव्हा आपण आधी काय पाहतो? काटा शून्यावर आहे ना, ते पाहतो. मग वजन पाहतो. मग पावती घेतो. व्यापारी ओळखीचा असला तरी पाहतो. त्यात कोणाचा अपमान नाही. तो रोकडा व्यवहार आहे.

मताचेही तसेच आहे. पूर्वी आपण कागदावर शिक्का मारून तो पेटीत टाकत होतो. आता यंत्राचे बटण दाबतो. आपल्या देशात हे यंत्र पहिल्यांदा १९८२ साली केरळातील परूर येथे वापरले. २००४ साली लोकसभेची सारी निवडणूक यंत्रावर झाली.

कागद डोळ्यांना दिसत होता. यंत्राच्या पोटातले दिसत नाही. म्हणून मनात येते, "बटण तर दाबलं, पण मत गेलं कुठं?" हा प्रश्न अडाण्याचा नव्हे, शहाण्याचा आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत त्याचे उत्तर तीन ठिकाणी शोधता येते.

पहिले, शून्य. मतदानाआधी सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान ५० मते देऊन पाहतात. हिशेब जुळला की ती मते पुसतात. यंत्र शून्य दाखवते. मग त्याला मोहोर लावतात.

दुसरे, चिठ्ठी. बटण दाबले की शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. ती सात सेकंद दिसते, मग आतल्या पेटीत पडते. घाईने बाहेर पडू नका. चिठ्ठी वाचा. दुसरेच नाव दिसले तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी घेतात आणि चाचणी मत देऊ देतात. पण खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे, बरे का!

तिसरे, बेरीज. मतदान संपल्यावर एकूण किती मते पडली, याचा आकडा '१७-सी' नमुन्यात लिहितात. त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी तो आकडा यंत्राशी जुळला पाहिजे. शिवाय विधानसभेच्या दर मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताडून पाहतात.

तरी शंका उरतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या लोकांनी कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मत देऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही. त्याआधी, २६ एप्रिल २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कागदाकडे परत जाण्याची मागणी फेटाळली होती. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर काही यंत्रांची तपासणी मागता येईल, असे सांगितले.

आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे चिठ्ठीचे यंत्र आजवर लावलेले नाही. म्हणून तिथे सकाळचे शून्य आणि संध्याकाळची बेरीज पाहण्याला जास्तच मोल आहे.

ऐकीव गोष्टीवरून यंत्राला चोर म्हणू नये. कोणी सांगितले म्हणून साधूही म्हणू नये. ज्याला वाचता येते, त्याने पाहावे, वाचावे, आकडा लिहून ठेवावा. आता आपल्याला वाचता येते.

प्रश्न
१. काचेतील चिठ्ठी किती सेकंद दिसते?
२. '१७-सी' नमुन्यात काय लिहितात?
३. मतदानाआधी यंत्र शून्यावर असल्याचे कोणासमोर दाखवतात?