बैठकीतला पाठ : मेसेज पुढे पाठवण्याआधी

ताईंनो, या महिन्याच्या बैठकीत बचत आणि वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या.

१६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. चोर, मुलं पळवणारे फिरतात अशी अफवा त्या भागात आधीच पसरलेली होती. लगेच मोबाईलवर दुसरी अफवा सुरू झाली, की हे मुसलमानांनी केलं. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं, की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले, दुसरीने एका सबंध समाजावर आळ घेतला.

आपण कर्ज देताना अर्ज बघतो, मागचे हप्ते बघतो. मेसेज मात्र न बघता पुढे ढकलतो. संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द आहे; ती जपणं हे कलम ५१ क प्रमाणे आपलं कर्तव्य आहे. धर्मावरून तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गटात चर्चा करा :

१. मेसेजमध्ये गाव, तारीख आहे का? मूळ कोणी पाठवला?
२. एकाचा गुन्हा सगळ्या जातीधर्मावर टाकलाय का?
३. दुसऱ्या धर्माच्या ताईसमोर हा मोठ्याने वाचता येईल का?

मत कोणाला द्यायचं ते जिचं तिने ठरवावं. पण गावात कोणाला जमावाने घेरलेलं दिसलं, तर थांबू नका. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा.