कोरडे डोळे आणि प्रकाशाचा उपचार

‘डोळ्यांत खुपते, जळजळते आणि पाणीही येते,’ अशी तक्रार चाळिशीनंतर बरेच रुग्ण करतात. पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, ही समजूत चुकीची आहे. पापण्यांच्या कडांना बारीक तैलग्रंथी असतात. त्यांतील तेलाचा पातळ थर अश्रूंना लवकर सुकू देत नाही. ग्रंथींची तोंडे बुजली की डोळा चुरचुरतो आणि त्यामुळेच पाणी गळते.

यावर ‘आयपीएल’ हा तीव्र प्रकाशझोतांचा उपचार निघाला आहे. अशा एका यंत्राला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. डोळे झाकून गालांवर, पापणीखाली झोत देतात. मग ग्रंथी दाबून घट्ट झालेले तेल काढतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार वेळा जावे लागते. अनेकांना आराम पडतो, पण तो कायमचा नसतो. सावळ्या-काळ्या त्वचेला भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका अधिक, हे आपण विसरू नये.

म्हणून आधी घरचा उपाय करावा. स्वच्छ फडक्याची सोसेल इतकी गरम घडी मिटलेल्या पापण्यांवर रोज पाच-दहा मिनिटे ठेवावी, मग कडा हलक्या हाताने चोळाव्यात. स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. डोळा दुखू लागला किंवा दिसणे अंधुक झाले, तर मात्र त्वरित नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.