खाली बसवलेली पद्मिनी आणि तिचे शॉकअप



आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आजोबांची प्रीमियर पद्मिनी हौसेने सजवली आहे. गाडी रस्त्याला टेकल्यासारखी दिसावी म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापले, मागच्या पाट्यांचा बाक उतरवला आणि चाक वर आले की ज्यावर टेकते ते रबरी ठोकळेही छाटले. (हे कापणे आम्हांस पसंत नाही, पण झाले ते झाले.) तेव्हापासून फाटकाजवळच्या गतिरोधकावर गाडी ‘धाड्’ करू लागली. मिस्त्रीने मूळ मापाचेच, पण ‘सगळ्यात हार्ड’ शॉकअप घातले. चार महिन्यांत त्यांतून तेल गळू लागले. याच गाडीतून त्याची दोन मुले शाळेत येतात, म्हणून हा विषय आम्ही नववीच्या विज्ञानाच्या तासाला घेतला.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नव्हे. दबलेली स्प्रिंग वरखाली होतच राहील. शॉकअपमधला पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि त्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. याला अवमंदन म्हणतात. (आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो, तेथेही हाच शब्द, तेवढे पाठांतर वाचले.) शॉकअप निकामी झाला की चाक उड्या मारते, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग?

आता निवड. आधी लांबी पाहावी, कडकपणा नंतर. चाक ठोकळ्याला टेकले असता वरच्या व खालच्या बोल्टांमधील अंतर समजा २४ सेंमी आहे, आणि शॉकअप पूर्ण मिटल्यावर २६ सेंमी राहतो. म्हणजे ठोकळा लागण्याआधीच पिस्टन तळाशी आपटणार. गाडी उभी असतानाचे अंतर २९ सेंमी असेल, तर हाती उरले फक्त ३ सेंमी. ‘धाड्’ तो हाच, आणि तेल गळले तेही यामुळेच. येथे मिटल्यावर २३ सेंमी किंवा कमी भरणारा शॉकअप हवा. उघडी लांबीही बेताची पाहावी: फार लांब असेल तर चाक लोंबताना कापलेली स्प्रिंग जागेत सैल होते, फार आखूड असेल तर सगळा ताण बोल्टांवर येतो.

कडकपणाचे गणित मुलांना फार आवडले. दहा कार्यरत वेढ्यांची स्प्रिंग आठ वेढ्यांची केली की ती २५ टक्के कडक होते. अवमंदन मात्र कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागते, म्हणजे साधारण १२ टक्केच जास्त. मागे तर फक्त बाक उतरला आहे, पाटे तेच आणि तेवढेच. कडकपणा फारसा बदललेला नाही. तेथे साध्या जोराचा, पण आखूड शॉकअप पुरे. ‘सगळ्यात हार्ड’ घातल्यावर चाक खड्ड्यात वेळेवर उतरतच नाही.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. साधा तेलाचा असेल तर बसवण्यापूर्वी उभा धरून पाच-सहा वेळा दाबून ओढावा, आतली हवा निघून जाते.

छाटलेल्या ठोकळ्यांच्या जागी नवे बसवून, पुन्हा माप घेऊन मागची जोडी बदलली आहे. पुढचे माप शनिवारी मधल्या सुट्टीनंतर घेऊ. नववीच्या मुलांनी वही व टेप आणावी. गाडी स्टँडवर असेल. खाली फक्त मिस्त्री जातील, मुले आकडे लिहून घेतील.