ओळखपत्रावरील धर्माचा रकाना

इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेतील २९ वे कलम प्रत्येकास आपापल्या धर्मानुसार उपासना करण्याची हमी देते. तथापि एकमेव ईश्वरावरील श्रद्धा हा राज्याचा पाया होय, असे त्याच कलमाच्या आरंभी म्हटले आहे. परिणामी कोणती श्रद्धा ‘धर्म’ या संज्ञेस पात्र, हे शासन ठरवू लागले. बालीतील हिंदूंनाही ‘सांग ह्यांग विधी’ या एका परमेश्वराच्या नावाने आपला धर्म मांडावा लागला, तेव्हा कुठे त्यांना मान्यता मिळाली.

१९६५ च्या अध्यक्षीय आदेशाच्या स्पष्टीकरणात इस्लाम, प्रॉटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध व कन्फ्यूशियन अशा सहा धर्मांची नोंद झाली. ज्यू, पारशी, शिंतो व ताओ यांना मनाई नाही, असेही त्यात नमूद होते. मनाई नसणे आणि मान्यता असणे यांत मात्र फार अंतर होते. कन्फ्यूशियन धर्माची मान्यता सुहार्तोंच्या राजवटीत हिरावली गेली. अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० साली चिनी परंपरांवरील निर्बंध उठविले. बोर्निओतील दायाकांच्या काहारिंगन पंथाने १९८० मध्ये हिंदू धर्माच्या छत्राखाली आश्रय घेतला. विधी बव्हंशी पूर्वीचेच राहिले.

ज्यांना असा आश्रय नव्हता, त्यांच्या ओळखपत्रावरील धर्माचा रकाना २००६ च्या कायद्यान्वये कोरा ठेवला जाई. कोरा रकाना म्हणजे नास्तिक, हा संशय आलाच. विवाहनोंदणी अडे, नोकरी अडे. नोव्हेंबर २०१७ मध्ये घटना न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. आता त्या रकान्यात श्रद्धावंत अशी नोंद होते. परंतु ती सर्वांना सरसकट एकाच शब्दाने, पंथाचे नाव न लिहिता.