विहिरीतली हुडहुडी आणि वेटसूट

दिवाळीच्या सुट्टीत पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला तुमच्यापैकी अनेकजण शिकले असतील. समजा, हवेचे तापमान २६ अंश सेल्सियस आहे, विहिरीच्या पाण्याचेही जवळपास तेवढेच. काठावर उघड्या अंगाने बसलात तर छान वाटते. पण पाण्यात अर्धा-पाऊण तास काढलात की ओठ निळे पडू लागतात आणि दात वाजतात. तापमान एकच, मग असे का?

कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय त्वचेलगतचे तापलेले पाणी हलून जाते आणि त्याची जागा थंड पाणी घेते. शरीर स्वस्थ बसले असता सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते. ती पाण्यात पुरत नाही.

आपल्या हदगावहून समुद्र फार दूर. तरी कोकण किनाऱ्याचे पाणी वर्षभर ढोबळमानाने २५ ते ३० अंश असते, एवढे लक्षात ठेवा. तेथे लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यास पातळ कपडा पुरतो, तोही मुख्यतः उन्हासाठी. पण आयर्लंड आणि स्कॉटलंड यांमधील नॉर्थ चॅनेलचे पाणी उन्हाळ्यातही १२ ते १४ अंशच असते. पुण्याच्या रोहन मोरे याने ही सामुद्रधुनी पोहून पार केली आणि २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून अशा सातही सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या. असे करणारा तो पहिला आशियाई. या पोहण्याच्या नियमांत उष्णतारोधक पोशाखाला परवानगी नाही! सतत हात मारत राहणे हीच त्याची शेगडी.

फळीवरच्या खेळाडूला असा नियम नाही. त्याच्यासाठी वेटसूट आहे, आणि तो सुचला एका भौतिकशास्त्रज्ञाला. १९५० नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आले, की ऊब राखण्यासाठी अंग कोरडे ठेवण्याची गरज नाही. पोशाखाच्या कापडातच वायूचे बुडबुडे कोंडले म्हणजे झाले. आत शिरलेला पाण्याचा थर ऊब देतो असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. पाणी वाहकच, रोधक आहेत ते निओप्रीन रबरातले बुडबुडे.

आता जाडी किती घ्यावी? गणित करू. फेसाळ निओप्रीनची उष्णतावाहकता सुमारे ०.०५ वॉट प्रति मीटर प्रति अंश. शरीराचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, त्वचा ३० अंश आणि समुद्र १५ अंश धरा. वाहकता, क्षेत्रफळ आणि तापमानातील फरक यांच्या गुणाकारास जाडीने भागले, की ५ मिलिमीटर जाडीतून २७० वॉट बाहेर जातात. ३ मिलिमीटरमधून ४५० वॉट. फळी हातांनी वल्हवताना शरीर २७० वॉट देऊ शकते, पण ४५० वॉट तासभर देणे कठीण. मग सरळ १० मिलिमीटरचा का घेऊ नये? कारण त्यात खांदा वळत नाही!

पोशाख अंगाला घट्टही हवा. सैल पोशाखात लाटेबरोबर १ लिटर थंड पाणी शिरले, तर ते १५ वरून ३० अंशांवर आणायला सुमारे ६३ किलोज्यूल लागतात, म्हणजे विश्रांतीच्या स्थितीतील दहा मिनिटांची सारी उष्णता. पुढची लाट तर काही सेकंदांतच येते. म्हणून जाडीपेक्षा माप आधी पाहावे, असे माझे मत आहे.

पाणबुड्याची अडचण निराळी. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बॉइलच्या नियमानुसार बुडबुडे निम्मे होतात आणि पोशाख पातळ पडतो.

शाळेत हे करून पाहा. तीन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला जाड सुती कापड गुंडाळा, तिसरा थर्मोकोलच्या पेल्यात घट्ट बसवा. तिन्ही थंड पाण्याच्या घमेल्यात गळ्यापर्यंत उभे करून दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा. कापड भिजल्यावर दुसऱ्या पेल्याचा आलेख कोणाच्या जवळ जातो, ते वहीत काढा. मग तिसरा पेला थोडा सैल बसवून, फटीत थंड पाणी शिरू देऊन पुन्हा मोजा.