भुशाची शेगडी : तिचे दोष व त्यांवरील उपाय

आपले शहापूर व मुरबाड हे तालुके भाताचे. सुगी संपली म्हणजे गिरणीमागें तुसाचे ढीग लागतात. कारण भाताच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूसच असतें. लाकडाच्या वखारींतही भुसा पडून राहतो. एकीकडे हें जळण कुजतें, आणि दुसरीकडे आपली आई डोक्यावर मोळी घेऊन रानांतून घरीं येते. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस पोहोंचला हें खरें. तथापि टाकी संपली व हातांत पैसा नसला कीं चूल पेटतेच. तेव्हां ह्या टाकाऊ जळणाची शेगडी कशी करावी व ती कशी सुधारावी, हें आपण पाहूं.

प्रथम धूर म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. लाकूड तापलें म्हणजे त्यांतून ज्वलनशील वायू निघतात. त्यांस पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर त्यांची ज्योत होते. न मिळाल्यास तेच धूर होऊन बाहेर पडतात. सारांश, धूर म्हणजे बव्हंशीं न जळलेलें सर्पणच होय. जें भांड्याखालीं जळावयाचें, तें आईच्या डोळ्यांत व छातींत जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील अशा धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं.

शेगडीची रीत सोपी आहे. पत्र्याच्या गोल डब्यास बुडाशीं, बाजूस, दोन इंचांचें भोंक पाडावें. मधोमध बाटली उभी ठेवावी व भोंकांतून गोल दांडका सारून तो बाटलीस टेकवावा. मग भोंवतीं भुसा घट्ट ठासावा. नुसतें तूस गुळगुळीत असल्यामुळें ठासून राहत नाहीं, म्हणून तें भुशांत मिसळावें. शेवटीं प्रथम दांडका व मग बाटली हळूच फिरवून काढली म्हणजे आंत काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या भोंकांतून पेटता कागद सारला कीं हवा खालून शिरते, ज्योत वर चढते, आणि भुसा आंतून बाहेर असा सावकाश जळत जातो.

आतां दोष व उपाय पाहूं.

पहिला दोष ओलेपणाचा. उकळत्या पाण्याची वाफ करण्यास दर ग्रॅमला सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते. ओल्या भुशाची बरीच उष्णता स्वतःस वाळविण्यांतच खर्ची पडते. म्हणून त्यास दोन-तीन उन्हें दाखवावीं, आणि मृगापूर्वींच तो कोरड्या जागीं भरून ठेवावा.

दुसरा दोष कोंडमाऱ्याचा. भांडें कांठावर चपखल बसलें तर वायूंस वाट राहत नाहीं. यास्तव कांठावर बोटभर उंचीचे मातीचे तीन गोळे बसवावे.

तिसरा दोष पत्र्याचा. त्यांतून उष्णता निसटते. तो डबा दुसऱ्या मोठ्या डब्यांत ठेवावा, दोहोंचीं भोंकें समोरासमोर आणून पत्र्याच्या नळीनें जोडावीं, आणि मधल्या पोकळींत तुसाची राख भरावी. ही राख बहुतांशीं सिलिका असून सच्छिद्र असते. त्यामुळें ती उष्णतेस सहज बाहेर जाऊं देत नाहीं. भरतांना मात्र नाकातोंडास फडकें बांधावें.

चौथा दोष असा कीं, ज्योत भांड्याचें बूड तापवून बाजूस उधळते. भांड्याभोंवतीं अर्ध्या इंचाची फट राखून पत्र्याचें कडें उभें करावें, म्हणजे तप्त वायू भांड्याच्या अंगास लगटून वर जातात.

हे फेरफार एकदम करूं नयेत. तेंच भांडें, तितकेंच पाणी व तितकाच भुसा घेऊन पाणी किती मिनिटांत उकळतें तें वहींत टिपावें. एका वेळीं एकच फेरफार करून पुन्हां मोजावें. कोणता उपाय खरा व कोणता भासमात्र, हें वहीच सांगेल.

ह्याच तत्त्वांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत एक शेगडी सिद्ध झाली, व २००६ सालापासून ती ‘ऊर्जा’ ह्या नांवानें महाराष्ट्र व कर्नाटक येथें विकली गेली. तींत शेतींतील टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्या जळत. लहानसा पंखा खालून व वरच्या भोंकांतून हवा पुरवी, त्यामुळें धूर फार थोडा होई. लक्षावधि घरीं ती गेली. परंतु कांड्या विकत घ्याव्या लागत, आणि त्यांची किंमत वाढतांच घरोघरीं ती मागें पडली. शेगडी उत्तम असून भागत नाहीं. जळणही आपल्या दारचें हवें.

एक इशारा पालकांनींही ध्यानांत ठेवावा. धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. शेगडी पडवींत किंवा उघड्या खिडकीपाशींच पेटवावी. बंद खोलींत ती ठेवून कधींही निजूं नये.

पांच भाकरींनीं समुदाय तृप्त झाल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे वेंचून घेण्यास सांगितलें, ही कथा आपणांस ठाऊक आहे. गिरणीमागचें तूस हेंही आपल्याच भाकरीचें उरलेलें आहे. तें वेंचून आईच्या डोळ्यांतील पाणी थांबवितां आलें, तर शाळेंत शिकलेलें शास्त्र घरीं पोहोंचलें असें म्हणतां येईल.